बाबा, ती ट्यूब घेऊ नका

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा म्हणाले, दादाला पाण्यात नेताना घालायला फुगवायची मोठी ट्यूब बघून ठेवली आहे, एकदा घातली की काळजी मिटली. तेव्हा मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा, ती ट्यूब घेऊ नका.

तशीच एक ट्यूब आम्ही परवा दादाला लावून पाहिली. एका बाजूला त्याच्या फिजिओथेरपिस्ट, दुसऱ्या बाजूला मी. मिनिटभर सगळं छान होतं. मग शेजारी कुणीतरी उडी मारली, दादा दचकला, पाय ताठ झाले, हात वर गेले आणि ट्यूब काखेतून सरकत हनुवटीला येऊन भिडली. आम्ही दोघींनी धरलेलं होतं म्हणून गटांगळी खाल्ली नाही. आई, तू घाबरू नकोस, नंतर तो पायरीवर बसून हसत होता. पण ट्यूबमध्ये माणूस टिकतो तो स्वतःच्या हातांनी ती काखेत दाबून ठेवतो म्हणून. दादाचे हात नेमके भीतीच्या वेळी त्याचं ऐकत नाहीत.

दादाला उताणा ठेवला की त्याची आखडलेली उजवी बाजू खाली जाते आणि तो हळूहळू तिकडे कलंडतो. पायही बुडतात. ज्यांच्या पायांचे स्नायू वाळलेले असतात त्यांचे पाय उलट वर येतात, आणि पाठीला तरंगणारा पट्टा बांधला तर असा माणूस पालथा होऊ शकतो. म्हणून दुसऱ्याला चाललेली वस्तू दादाला चालेलच असं नाही. आधी तो पाण्यात कसा राहतो ते पाहायचं, मग काय घ्यायचं ते ठरवायचं.

बाबांनी विचारलं होतं, ट्यूबऐवजी फोमचं तरंगायचं जॅकेट घेतलं तर ते पूर्ण वाढलेल्या माणसाला कसं पेलेल? पाणी अंगाचा जवळजवळ सगळा भार स्वतःच घेतं, जॅकेटला उचलायचं असतं ते मुख्यतः पाण्याबाहेर राहणारं डोकं. जॅकेटवर ५०, १००, १५० असे न्यूटनचे आकडे असतात. ५० म्हणजे साधारण पाच किलोची उचल. दादा बारीक आहे म्हणून कमी आकड्याचं चालेल, असंही नाही. अंगावर चरबी असलेला माणूस सहज तरंगतो, बारीक माणूस जास्त बुडतो.

५० न्यूटनचं साधन ज्याला पोहता येतं आणि स्वतःला सावरता येतं त्याच्यासाठी असतं. पालथा पडलेल्याला ते उताणा करत नाही. दादाला स्वतःहून वळता येत नाही, म्हणून माझं मत १०० न्यूटनच्या फोमच्या जॅकेटला आहे: मानेमागे कॉलर, बराचसा फोम छातीवर, आणि जांघेतून जाणारा पट्टा. हा पट्टा नसेल तर जॅकेटही ट्यूबसारखंच वर चढतं. मात्र आखडलेल्या अंगाला ते उताणं करेलच याची खात्री नाही. ते कंबरभर पाण्यात, दादाला धरूनच बघावं लागेल. हवा भरायचं काहीही नको, झडप सैल झाली की संपलं.

पट्ट्यांचंही बघायला हवं. परवा वीस मिनिटांत त्याच्या काखेखाली लाल वळ उठला. त्याला टोचलेलं कळतं, तो सांगतो. ज्यांना तिथे स्पर्शच कळत नाही त्यांची त्वचा दर वेळी कपडे बदलताना तपासावी लागते.

त्या फिजिओथेरपिस्ट हॅलिविक पद्धतीने शिकवतात. जेम्स मॅकमिलन नावाच्या इंजिनिअरने १९४९ मध्ये लंडनला, अपंग मुलींच्या हॅलिविक शाळेत ती सुरू केली. तिच्यात तरंगायचं साधन लावतच नाहीत, एका माणसामागे एक शिकवणारा पाण्यात असतो. कलंडणारं अंग डोकं वळवून कसं सावरायचं ते दादा आता शिकतोय, आणि परवा दोनदा त्याला जमलं! जॅकेटमध्ये हे शिकता येत नाही, हे मला पटलं. म्हणून त्यांच्या तासाला जॅकेट नाही. आपल्यापैकी कुणी त्याला पाण्यात नेणार असेल तेव्हा जॅकेट, आणि तेव्हाही एकजण हाताच्या अंतरावर. कारण त्याला पूर्वी आकडीचे झटके यायचे, आता त्याला कितीही वर्षं झाली असली तरी ते विसरून चालणार नाही. बाबा, काठावरून बघणं यात धरू नका.

आणखी एक. माप बारीक आहे म्हणून त्याला लहान मुलांचं, कार्टूनचं जॅकेट दाखवलं होतं. त्याने मान फिरवली. बेचाळीस वर्षांचा माणूस आहे तो. गडद निळं त्याने स्वतः बोट दाखवून निवडलं, तेच घेऊ.

आई, एवढं कर. त्याचं वजन आणि काखेखालून छातीचा घेर, श्वास भरून घेतल्यावरचा, मोजून कळव. बनियनवरून मोज, शर्टावरून नको.

तुमची,
धाकटी