फायलॉइड्स गाठीला वेगळी शस्त्रक्रिया

संपादक महोदय,

कर्करोग म्हटला की स्तनही काढायचा आणि काखेतल्या लसीका ग्रंथीही, हे समीकरण स्तनातल्या घातक (म्हणजे कर्करोगाच्या) फायलॉइड्स गाठीला लागू पडत नाही. स्तनाच्या एकूण गाठींत ती १ टक्क्याहून कमी. ती दुधाच्या नलिकांतून नव्हे, तर भोवतालच्या संयोजी (आधार देणाऱ्या) ऊतींतून वाढते. पसरलीच तर बहुधा रक्तावाटे फुप्फुसात, काखेत अगदी क्वचित. म्हणून काखेत हाताला काही लागत नसेल तर तिथल्या ग्रंथी काढून हाताची सूज ओढवून घेण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा छातीचा सीटी स्कॅन उपयोगी.

खरी चूक आधीच होते. सुईच्या तपासणीत ती कर्करोग नसलेल्या साध्या गाठीसारखी, म्हणजे फायब्रोअ‍ॅडिनोमासारखी दिसू शकते, मग शेंगेतून दाणा काढावा तशी सोलून काढली जाते. कडेला उरलेल्या पेशींतून ती पुन्हा उगवते. गाठीसोबत भोवतालची निदान १ सेंटिमीटर निरोगी ऊती निघायला हवी. एवढी कड घेऊनही स्तनाचा आकार टिकत असेल, तर पूर्ण स्तन काढल्याने आयुष्य वाढते असे दिसलेले नाही. स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल किंवा कड मिळतच नसेल, तरच तो पर्याय. पॅथॉलॉजीच्या अहवालात गाठीपासून कडेचे अंतर मिलिमीटरमध्ये लिहून मागावे. नुसते ‘कड मोकळी’ पुरत नाही.

– एक शल्यचिकित्सक