शिक्षा संपली, सुटका कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कतारमध्ये अटकेत असलेल्या नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना ऑक्टोबर २०२३ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांची सुटकाही झाली. सरकारने मनावर घेतले तर काय घडू शकते, हे तेव्हा दिसले. पाकिस्तानच्या कैदेत असलेले कुलभूषण जाधव यांच्यासाठीही भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये तिथे निकाल आपल्या बाजूने लागला. जाधव मात्र अजून परतलेले नाहीत.

आम्हा वडोदरेकरांना अधिक जवळची वाटते ती पोरबंदर, गीर सोमनाथकडच्या मच्छीमारांची व्यथा. समुद्रात सीमेची खूण नसते. होडी नकळत पलीकडे गेली की खलाशी कराचीच्या तुरुंगात जातात आणि पोटापाण्याचे साधन असलेली होडीही जप्त होते. २००८ च्या भारत-पाकिस्तान कराराप्रमाणे अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्यांची भेट आणि शिक्षा पूर्ण होऊन नागरिकत्वाची खात्री पटल्यावर एका महिन्यात पाठवणी व्हायला हवी. दर १ जानेवारी व १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्या नेमाने दिल्या जातात, पण शिक्षा भोगून झालेले कित्येक जण वर्षानुवर्षे तिथेच अडकून पडतात. (आपल्याकडे अडकलेल्या पाकिस्तानी मच्छीमारांच्या घरीही हीच घालमेल असणार.)

अमेरिकेने २०२० मध्ये कायदा करून परदेशात ओलीस ठेवलेल्या किंवा अन्यायाने अटकेत असलेल्या आपल्या नागरिकांसाठी असलेल्या खास दूताच्या पदाला कायमचा आधार दिला. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेही असा जबाबदार अधिकारी नेमावा आणि प्रत्येक कैद्याच्या घरी दरमहा, त्यांना समजेल अशा भाषेत, लेखी माहिती पाठवावी.

– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा