भीमबेटकासाठी अर्धा तास पुरत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पुण्या-मुंबईहून भोपाळमार्गे दिल्लीला जाणारे आपण प्रवासी इटारसी सोडल्यावर विंध्याच्या ज्या डोंगरांजवळून जातो, त्यांच्याच माथ्यावर भीमबेटकाचे चित्राश्रय, म्हणजे प्राचीन माणसाने चित्रे काढलेले खडकांचे आडोसे, आहेत. १९५७ साली उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर तथा हरिभाऊ वाकणकर याच मार्गाने रेल्वेने जात असताना त्यांना खिडकीतून हे कातळ दिसले आणि ते पाहण्यासाठी ते गाडीतून उतरून पायी निघाले. या घटनेला योगायोग म्हणणे मला पटत नाही. खडक त्यापूर्वीही असंख्य प्रवाशांना दिसत होते; १८८८ साली किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक लोकांच्या सांगण्यावरून या जागेची नोंद बौद्ध स्थळ म्हणून केली होती. तेथे काय असू शकेल, हे ओळखण्याची नजर हरिभाऊंनी चित्राश्रयांच्या शोधात रानोमाळ पायपीट करून कमावली होती.

सत्तरच्या दशकात हरिभाऊंनी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र यांनी येथे उत्खनने केली, आणि चित्रांच्याही फार आधी, दगडी हातकुऱ्हाडींच्या काळापासून, माणूस येथे राहत होता हे सिद्ध झाले. २००३ साली हे स्थळ जागतिक वारसा यादीत गेले.

गेल्या महिन्यात आम्ही एका सहलीबरोबर तेथे गेलो, तेव्हा आम्हाला जेमतेम अर्धा तास मिळाला. ‘झू रॉक’ नावाच्या आश्रयापाशी डोळे उन्हातून सावलीला सरावेपर्यंत मला नुसता तांबूस डाग दिसत होता; मग हळूहळू त्यातून हरणांची शिंगे, रानगव्याची पाठ, आणि एकाच भिंतीवर जुन्या चित्रांवर नंतरच्या माणसांनी काढलेली नवी चित्रे सुटी होऊ लागली. तेवढ्यात निघण्याची शिट्टी झाली. त्याहून वाईट म्हणजे, फोटोत रंग उठून दिसावा म्हणून आमच्यातल्याच एकाने ओला रुमाल चित्राकडे नेला. मी त्यांचा हात धरला, त्याचा त्यांना राग आला. पाण्याने गेरूचा रंग क्षणभर उजळतो हे खरे, परंतु वारंवार पाणी लागले की क्षारांचा पांढरट थर चित्रावर बसतो आणि तो सहजी निघत नाही. हजारो वर्षे टिकलेली रेघ आपल्या एका फोटोसाठी पुसट व्हावी, याचे मला मनापासून दुःख होते.

सहल काढणाऱ्यांना माझी विनंती आहे की, भोजपूर आणि सांची यांच्या मध्ये भीमबेटका कोंबण्याऐवजी त्याला सकाळचा पूर्ण वेळ द्यावा, आणि चित्रांना हात व पाणी लावायचे नाही, हे बसमध्येच स्पष्ट सांगावे. दिवाळीच्या सुट्टीतील सहलींची नोंदणी सुरू होण्यापूर्वी हे पत्र प्रसिद्ध केल्यास मी आपला आभारी राहीन.

आपला,
एक वाचक, पुणे