जल्लोषाला परवानगी कोणाची घ्यायची?

संपादक महोदय,
स. न.

परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या विजयोत्सवावर काल आपल्या अंकात आलेला लेख वाचला आणि फार वाईट वाटले. देश सोडून गेलेल्यांनी क्रिकेटच्या विजयावर नाचू नये, एवढे प्रेम असेल तर परत यावे, असा त्याचा सूर आहे. लेखकांच्या डोळ्यांसमोर न्यू जर्सीतली गाड्यांची मिरवणूक असावी. माझ्या डोळ्यांसमोर मस्कतमधली भाड्याची खोली आहे. माझी मुलगी तिथे एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे.

महिला विश्वचषकाची अंतिम फेरी, २ नोव्हेंबर २०२५. आमचे घर नेरुळला, डी. वाय. पाटील स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर. शाळेत असताना मुलीला क्रिकेटचे वेड होते, पण मुलींचा संघच नव्हता. मुलांच्या संघात घ्या म्हणून मी सरांना जाऊन भेटले, त्यांनी हसून परत पाठवले. ती मुलगी मस्कतला आणि बायकांचा विश्वचषक आमच्या दारात! ओमानमध्ये रविवारी सुट्टी नसते. पावसाने सामना दोन तास उशिरा, पाच वाजता सुरू झाला, तेव्हा तिथे साडेतीन झाले होते. ड्युटी संपवून ती नुकती खोलीवर पोचली होती. त्या दिवशी इथे सगळे पावसाला शिव्या घालत होते, मी मात्र हात जोडले.

तिच्या मोबाइलवर सामना मागून दिसायचा. इथे गॅलरीत आरडाओरडा ऐकू आला की पुढच्या अर्ध्या-एक मिनिटाने तिला विकेट दिसायची. सुरुवातीला ती चिडली, "आई, तू काही बोलू नकोस, मला आधी कळतं." शफालीच्या ८७ धावा होईपर्यंत मी तोंड मिटून बसले. आपल्या २९८ झाल्या. पुढे दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ट शतक करून उभी राहिली, तेव्हा मुलीचाच व्हॉट्सअ‍ॅप कॉल आला, "आई, फोन गॅलरीत ठेव. मला तिथला आवाज ऐकायचाय." मी कठड्यापाशी स्टुलावर फोन ठेवला. वोल्वार्टचा उंच फटका अमनजोतच्या हातातून दोनदा निसटून तिसऱ्यांदा हाती आला. आमच्याकडे तो ओरडा उठला, मध्येच तुटला आणि दुपटीने परत उठला. फोनवर मुलगी विचारत होती, "काय झालं? सुटला का गं?" मी सांगितले नाही. तिला ते दिसले तेव्हा ती जी किंचाळली, ती अजून माझ्या कानात आहे. हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला तेव्हा इकडे फटाक्यांनी काही ऐकू येईना, तरी ती फोन आत नेऊ देईना.

आणि तिचा जल्लोष काय होता, तेही लेखकांना सांगते. इमारतीत रात्री आवाज करायला मनाई. खोलीतल्या केरळच्या दोन मुलींनी आणि तिने दार लावून शिरा केला. दुसऱ्या दिवशी तिघींची सकाळी सातची ड्युटी होती. २००५ ची अंतिम फेरी सेंच्युरियनला हरलो, २०१७ ची लॉर्ड्सवर ९ धावांनी हरलो, तो सामना बघून ती जेवली नव्हती. तिला आनंद करायचा हक्क नाही, हे कोण ठरवणार?

परत यावे म्हणता. घराचा हप्ता तिच्या पगारातून जातो, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे तिनेच पाठवले. आखाती देशांत आयुष्य काढले तरी सहसा तिथले नागरिकत्व मिळत नाही, या मुली भारतीयच असतात आणि थकल्या की इथेच येतात. अमेरिकेचे पासपोर्ट घेतलेल्यांवर लिहायचे तर जरूर लिहा, पण मग तसे स्पष्ट लिहा. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

जाता जाता आणखी एक. त्याच लेखात हा विजय 'मुंबईत' मिळाला असे छापले आहे. सामना नेरुळला झाला, नवी मुंबईत! बेंगळुरूचे सामने तिथून काढून आमच्याकडे दिले, उपांत्य फेरीत जेमिमाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या त्याही इथेच. रात्री उशिरा लोकांचे लोंढे सांभाळले ते आमच्या रस्त्यांनी आणि आमच्या नेरुळ-जुईनगर स्टेशनांनी. आमच्या शहराला स्वतःची महानगरपालिका १९९२ पासून आहे. उद्याच्या अंकात एवढी दुरुस्ती तरी छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई