रिपोर्टच्या तळाशी लिहिलेल्या चार ओळींसाठी

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पॅथॉलॉजिस्टला पेशंटच्या घरून सहसा पत्र येत नसावं. सर्जनचे आभार सगळेच मानतात, केमोच्या वॉर्डातल्या सिस्टर नावानिशी लक्षात राहतात. तुमची मात्र रिपोर्टखाली नुसती सही, आणि तीही धड वाचता येत नाही. म्हणून हे पत्र जाहीर लिहितेय. ताईची परवानगी घेतली आहे. तिची अट एकच, नाव यायचं नाही. तुमचंही घालत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही हे दहा मिनिटांच्या ओळखीतही कळलं होतं.

ताईला स्तनाचा कॅन्सर झाला, पण हाताला गाठ अशी कधी लागलीच नाही. डाव्या बाजूचा एक भाग जरा दाट, घट्ट वाटायचा आणि स्तनाग्र किंचित आत ओढल्यासारखं दिसायचं. मॅमोग्राफीत काही निघालं नाही, 'या वयात होतं असं' हे ऐकून आम्ही घरी आलो, आणि बायोप्सीपर्यंत पोचायला मध्ये बरेच महिने गेले. या प्रकारात मॅमोग्राफीला दगा देण्याची खोडच आहे, हे नंतर तुमच्याकडूनच कळलं. तरीही हाताला बदल लागत असताना केवळ फिल्म स्वच्छ आहे म्हणून थांबायचं, हे मला आजही पटलेलं नाही.

बायोप्सीच्या रिपोर्टवर 'इन्व्हेझिव्ह लोब्युलर कार्सिनोमा', म्हणजे दूधग्रंथींतून निघून आजूबाजूला शिरणारा कॅन्सर, असं होतं. घरात सगळ्यांनी फक्त शेवटचा शब्द वाचला. त्याखाली तुम्ही चार ओळी जास्तीच्या लिहिल्या होत्या: ई-कॅडहेरिन (पेशींमधलं एक प्रथिन) निगेटिव्ह आहे, सोनोग्राफीत दिसतं त्यापेक्षा आजार जास्त पसरलेला असू शकतो, ऑपरेशनचं ठरवण्याआधी एमआरआयचा विचार व्हावा, दुसरी बाजूही पाहावी. एवढ्यावर न थांबता तुम्ही सर्जनना फोनही केलात. एमआरआय झाला आणि सोनोग्राफीतल्या मापाच्या दुपटीहून मोठा भाग त्यात उजळलेला दिसला. ठरलेलं ऑपरेशन बदललं. काढलेल्या भागाच्या कडांवर कॅन्सरच्या पेशी सापडल्यामुळे पुन्हा टेबलावर जावं लागणं हे लोब्युलरमध्ये जास्त घडतं म्हणतात. ताईचं ते टळलं.

सेकंड ओपिनियनसाठी स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) न्यायला मी आले, तेव्हा खिडकीवरूनच पाकीट देऊन मला वाटेला लावता आलं असतं. तुम्ही आत बोलावलंत आणि दोघांना एकदम बघता येतं त्या मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या बाजूला बसवलंत. आधी गुलाबी-जांभळी स्लाइड. मला वाटलं होतं, कॅन्सर म्हणजे पेशींचा एक गच्च ढीग दिसेल. तिथे तर लहान लहान पेशी एकेकट्या, एकामागे एक रांग धरून, तंतूंमधून निघालेल्या. एका निरोगी नळीभोवती त्यांनी गोल कडीच केली होती, पण नळीला धक्का लावला नव्हता.

मग तुम्ही ई-कॅडहेरिनची स्लाइड लावलीत. त्या नळीतल्या निरोगी पेशींना प्रत्येकीला तपकिरी रेघेची चौकट होती, जणू कुणी बारीक निबाने आखली असावी. शेजारच्या कॅन्सरच्या पेशींना ती रेघच नव्हती, नुसती निळी केंद्रकं. 'पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं प्रथिन ते हेच,' तुम्ही म्हणालात, 'ते गेलं की गोळा होत नाही.' इतके दिवस मला छळणारा प्रश्न, इतका मोठा आजार कुणाच्या हाताला कसा लागला नाही, तिथेच सुटला. दोऱ्याला पडलेली गाठ बोटाला लागते, पण कापडाच्या विणीत एखादा दोरा जास्तीचा शिरला तर तो कुणाच्या बोटाला लागणार?

तुमच्याकडून ऐकलेलं नंतर मी स्वतःही वाचून काढलं. स्तनाच्या पसरणाऱ्या कॅन्सरपैकी शंभरात साधारण १० ते १५ लोब्युलर असतात, म्हणजे सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या डक्टल प्रकाराच्या खालोखाल हाच. फूट आणि स्टुअर्ट या न्यूयॉर्कच्या दोन पॅथॉलॉजिस्टनी १९४१ मध्ये याचं जागेवरच थांबलेलं रूप वेगळं काढून दाखवलं, तेही नुसत्या नजरेच्या बळावर. सोळाव्या गुणसूत्रावरचं सीडीएच१ हे जनुक या गाठींमध्ये बिघडलेलं असतं, हे १९९५ मध्ये सिद्ध झालं. नजरेला जे दिसलं त्याचं कारण सापडायला अर्धं शतक लागलं! तुमच्या व्यवसायाबद्दलचा माझा आदर इथे एकदम वाढला.

ताईच्या गाठीत हार्मोन पकडणारे रिसेप्टर भरपूर होते आणि हर-टू हे दुसरं तपासलं जाणारं प्रथिन निगेटिव्ह. या प्रकारात बहुधा असंच असतं. आधी केमो देऊन गाठ लहान करावी, असं आमच्या एका नातेवाइकांनी फार लावून धरलं होतं. अशा लोब्युलरमध्ये केमोने गाठ पूर्ण विरघळणं क्वचितच होतं आणि खरा भार हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांवर असतो, हे तुम्ही सांगितलंत. 'पण केमो कुणाला द्यायची नि कुणाला नाही हे ऑन्कोलॉजिस्ट ठरवतील, मी नाही,' हेही लगेच जोडलंत. ताईला त्यातलीच लेट्रोझोल ही गोळी सुरू झाली.

जाता जाता तुम्ही मला विचारलंत, 'घरात कुणाला पोटाचा कॅन्सर होता का?' मी जरा चक्रावलेच. सीडीएच१ मधला बिघाड क्वचित जन्मापासून, घराण्यातून आलेला असतो आणि तशा घरांत जठराचा एक विशिष्ट कॅन्सरही दिसतो, म्हणून तो प्रश्न होता. बहुतेकींमध्ये बिघाड फक्त गाठीपुरता असतो. आमच्याकडे तसं कुणी नव्हतं. धाकटी बहीण म्हणून मनात जी भीती घेऊन मी आले होते, ती न विचारताच तुम्हाला कळली असावी. पुढे माझीही तपासणी झाली, ठीक आहे.

एक गोष्ट तुम्ही गोड करून सांगितली नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. हा आजार उलटला तर उशिराही उलटतो, दहा वर्षं उलटल्यानंतरही, आणि हाडांखेरीज पोटाचं अस्तर, आतडी, अंडाशय अशा आडवाटेच्या जागी जातो. पेटस्कॅनमध्येही कधीकधी फिका दिसतो. म्हणून पोट सतत फुगलेलं राहिलं, भूक मेली, तर 'ॲसिडिटी असेल' म्हणून घरी बसायचं नाही आणि डॉक्टर नवीन असले तर लोब्युलर होता हे पहिल्या वाक्यात सांगायचं. ताईने तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ते लाल पेनाने लिहिलं आहे. पाच वर्षं झाली की सुटलो, असं आता आमच्या घरात कुणी म्हणत नाही. सुरुवातीला ते जड गेलं, पण खोट्या दिलाशापेक्षा हे बरं.

ताई तुम्हाला नमस्कार सांगते. गोळीने बोटांचे सांधे सकाळी आखडतात, त्यावर काही करता येईल का, हेही विचार म्हणाली होती. तुम्ही म्हणाल, हे ऑन्कोलॉजिस्टना विचारा. विचारलंय.

आपली,
ताईची धाकटी बहीण