घरची बिअर आणि परदेशातील पब : सहलीची आखणी कशी असावी?

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांच्या प्रवासविषयक पुरवण्यांमध्ये परदेशातील पबविषयी जे लिहून येते, त्यात बहुतेक वेळा सहा दिवसांत चार शहरे आणि वीस पब असा आराखडा दिलेला असतो. गेली नऊ वर्षे, जिथे कायद्याने मुभा आहे अशा ठिकाणी राहून, घरी बिअर तयार करण्याचा छंद जोपासणारा वाचक म्हणून मला या आराखड्याबद्दल मनापासून तक्रार करायची आहे. ज्याला स्वतःच्या हाताने बिअर करायची आवड आहे त्याने निघण्यापूर्वी बिअरचा एक प्रकार घरी दोन-तीनदा करून पाहावा, त्यात जे साधले नाही ते वहीत लिहून ठेवावे आणि मग ज्या प्रदेशात तो प्रकार जन्मला त्याच एका प्रदेशात आठवडाभर राहावे, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

मी हे कशाच्या आधारावर म्हणतो, ते सांगतो. ब्रिटनमध्ये 'बिटर' या नावाने ओळखली जाणारी बिअर मी सुरुवातीची दोन वर्षे करत होतो. भरडलेले चार किलो बार्लीचे माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य) ६६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की त्यातील विकरे (एन्झाइम) स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात. तापमान ६३ अंशांच्या आसपास राहिले तर बिअर हलकी आणि कोरडी होते, ६९ अंशांकडे सरकले तर जिभेवर जड आणि किंचित गोडसर लागते. निथळलेला गोड रस हॉप्स या वेलीची कडवट फुले घालून तासभर उकळायचा, झटपट थंड करायचा, त्यात यीस्ट सोडायचे आणि भांडे २० अंशांच्या आसपास ठेवायचे. वीस लिटरच्या माझ्या घाण्यात हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत रसाची घनता मोजणारे उपकरण, सुरुवातीला १.०४५ दाखवत असे आणि दोन आठवड्यांनी १.०११ वर स्थिरावत असे, म्हणजे मद्यार्काचे प्रमाण साधारण साडेचार टक्के. आकडे पुस्तकाबरहुकूम होते, स्वच्छतेत कसूर नव्हती, तरीही ग्लासातली बिअर दर वेळी घशाशी बोचरी आणि पोकळ लागायची. मी माल्ट बदलले, हॉप्स बदलले, पाण्यात जिप्सम घालून पाहिले. काहीही उपयोग झाला नाही.

उत्तर मिळाले ते इंग्लंडमधल्या एका लहान पबच्या तळघरात. मी सलग तिसऱ्या दिवशी त्याच टेबलाशी बसून वहीत टिपणे करतो आहे हे पाहून मालकांनी चौकशी केली आणि मी घरी बिअर करतो हे कळताच मला खाली नेले. तिथे ४१ लिटरची पिंपे आडवी निजवून ठेवलेली होती. पिंपाच्या पोटावर वरच्या बाजूला एक भोक असते आणि त्यात आधी मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात. पिंपात यीस्ट अजून जिवंत असते, किण्वन चालू असते आणि त्यातून निघणारा वायू या खुंटीतून हळूहळू बाहेर पडतो. मालकांनी खुंटीभोवती जमलेला फेस बोटाने पुसला, मिनिटभर थांबायला सांगितले आणि पुन्हा फेस किती वेगाने येतो ते दाखवले. फेस येणे मंदावले की मऊ खुंटी काढून कडक लाकडाची बसवायची, म्हणजे उरलेला वायू आत राहतो. गाळ तळाशी बसून बिअर निवळायला पुढे एखादा दिवस लागतो, आणि एकदा तोटी उघडून विक्री सुरू झाली की आत हवा जात असल्यामुळे तीनेक दिवसांत पिंप संपवावे लागते. भिंतीवरच्या तापमापीत १२ अंश होते.

माझी चूक तिथल्या तिथे लक्षात आली. मी बाटलीत भरताना लिटरमागे सात ग्रॅम साखर घालून भरपूर वायू निर्माण करत होतो आणि बाटली ४ अंशांपर्यंत थंड करून पीत होतो. पिंपातल्या बिअरमध्ये त्याच्या जेमतेम निम्मा वायू असतो. थंडीने माल्टची चव दबत होती, वायूने हॉप्सचा कडूपणा टोचत होता आणि मी मात्र दोष कच्च्या मालात शोधत होतो. परतल्यावर साखर तीन ग्रॅमवर आणली, बाटल्या १२ अंशांवर ठेवल्या. बाकी कृतीत काडीचाही बदल केला नाही. पहिली बाटली उघडून घोट घेतला तेव्हा भाजलेल्या पावाच्या कडेसारखी माल्टची चव प्रथमच स्वच्छ लागली. दिवसाला चार पब उरकणाऱ्या सहलीत मला ते तळघर कधीच दिसले नसते.

पबची निवडही याच दृष्टीने करायला हवी. बारवर तळघरातल्या पिंपांतून बिअर वर ओढणारे दहा-बारा हातपंप मांडलेले पाहून पाहुणा हरखतो, पण गिऱ्हाईक बेताचे असेल तर तितकी पिंपे तीन दिवसांत संपणार कशी? त्यापेक्षा दोनच पंप असलेला आणि संध्याकाळी स्थानिक लोकांनी भरलेला पब मी केव्हाही पसंत करेन. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या 'कॅमरा' या ग्राहकांच्या संघटनेने पिंपातली ही जिवंत बिअर टिकवण्यासाठी मोठे काम केले आहे आणि १९७४ पासून ती पबची मार्गदर्शिकाही काढते. आखणीची सुरुवात तिथून करावी. ब्रिटनमध्ये पाइंट, म्हणजे ५६८ मिलिलिटर, घेण्याची सक्ती नसते. अर्धा पाइंट सगळीकडे मिळतो, पाइंटच्या एक तृतीयांशाचे मापही कायदेशीर आहे, आणि चव घेऊन टिपणे करणाऱ्याला तेवढे पुरते. माझा स्वतःचा नियम दिवसाला दोन पबचा आहे. तिसऱ्या ठिकाणी जीभही थकलेली असते आणि लक्षही.

ज्यांना जर्मनीला जायचे आहे त्यांनी कोलोन आणि डसेलडॉर्फ ही जोडी घ्यावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. दोन्ही शहरांत साधारण चाळीस किलोमीटरचे अंतर आहे आणि रेल्वेने अर्धा तास पुरतो. दोन्हीकडची बिअर उबदार तापमानाला काम करणाऱ्या यीस्टने आंबवतात आणि नंतर थंडीत मुरवतात. असे असूनही कोलोनची 'कोल्श' फिकट सोनेरी आणि नाजूक असते, तर डसेलडॉर्फची 'आल्ट' तांबूस आणि ठसठशीत कडू. यीस्ट आणि मुरवण यांत एवढे साम्य असताना केवळ माल्ट आणि हॉप्स यांनी किती अंतर पडते, हे शिकायला घरी बिअर करणाऱ्याला याहून चांगली शाळा मिळणार नाही. कोलोनमध्ये बिअर २०० मिलिलिटरच्या उभ्या, सडपातळ ग्लासात येते. ग्लास रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ ओढतो; थांबायचे असेल तर तो पुठ्ठा ग्लासावर ठेवायचा. हे आधी ठाऊक नसेल तर हिशेब भलताच वाढतो. जर्मनीत अनेक पब आठवड्यातून एक दिवस बंद असतात, तेही निघण्यापूर्वी तपासावे.

काही बिअरच्या बाबतीत ऋतूच सहलीची तारीख ठरवतो. ब्रसेल्स आणि परिसरात होणाऱ्या 'लाम्बिक' बिअरमध्ये यीस्ट विकत आणून घालत नाहीत. उकळलेला रस माळ्यावरच्या उथळ, रुंद तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतले सूक्ष्मजीव त्याला आंबवतात. उन्हाळ्यात नको ते जीवाणू बळावतात आणि रस पुरेसा थंडही होत नाही, म्हणून हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल याच काळात चालते. १९०० पासून चालू असलेली 'कांतियाँ' ही तिथली भट्टी जुलैमध्ये पाहणाऱ्याला लाकडी पिंपांच्या रांगा दिसतील, वाफाळणारा हौद दिसणार नाही. बीच लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची बिअर प्यायला जर्मनीतल्या बांबेर्गला जाणाऱ्यांना मात्र ऋतूचे बंधन नाही. पहिल्या ग्लासाला तो धूर नाकात भरतो, म्हणून तिसऱ्या ग्लासापर्यंत मत बनवू नये असे तिथे सांगतात. मला ते पटले.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात मांडतो. घरी बिअर करण्यासाठी लागणाऱ्या परवान्याची अट ब्रिटनने १९६३ मध्ये काढून टाकली आणि अमेरिकेत केंद्रीय कायद्याने १९७८ मध्ये मुभा दिली, पण प्रत्येक देशाचे आणि राज्याचे नियम निराळे असतात. ते पाहिल्याशिवाय कोणीही भांडे चुलीवर चढवू नये, आणि अशी बिअर विकण्याचा तर विचारही करू नये. किण्वन पूर्ण होण्याआधी बाटल्या बंद केल्या तर त्या फुटतात आणि काच अंगावर येते. हायड्रोमीटरचा आकडा सलग तीन दिवस हलला नाही तरच बाटल्या भरण्याची माझी पद्धत एका फुटलेल्या बाटलीनंतर सुरू झाली आहे.

आपल्या पुरवणीत पबच्या सहलींवर पुढचा लेख देताना या प्रदेशांत बिअर कशी होते, कोणत्या महिन्यांत होते, ग्लासाचे माप काय आणि सुट्टीचा वार कोणता, इतका तपशील अवश्य छापावा, अशी विनंती आहे. सध्या माझ्याकडे फिकट लेजर, म्हणजे थंडीत आंबवायची बिअर, १० अंशांवर आंबते आहे. १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन तज्ज्ञाने आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन शहरात तिथल्या मृदू पाण्याने आणि त्याच देशातल्या झातेत्स भागातल्या हॉप्सने जी बिअर केली, तिच्या वळणावर मी ती बेतली आहे. तिथे धान्याच्या लगद्याचा काही भाग वेगळा काढून उकळतात आणि परत मिसळतात, तेही तीनदा. मी वेळ वाचवण्यासाठी एकदाच उकळला आणि आता नमुना चाखताना चव उथळ वाटते आहे. कारण तेच आहे की दुसरे काही, ते मला कळलेले नाही. पुढच्या सप्टेंबरमध्ये मी सात दिवसांसाठी फक्त प्लझेनला जाणार आहे आणि पहिल्याच दिवशी तिथल्या तळघरात ओकच्या पिंपातून थेट मिळणारी, न गाळलेली बिअर वही उघडून चाखणार आहे.

कळावे,
आपला एक नियमित वाचक