सशर्त होकार म्हणजे कायद्याने नकारच

महोदय,

नोकरीचा, घरविक्रीचा किंवा मालपुरवठ्याचा प्रस्ताव हाती आला की आधी घासाघीस करून पाहावी आणि ती साधली नाही तर मूळ अटी मान्य करून मोकळे व्हावे, अशी पद्धत सर्रास दिसते. मूळ प्रस्ताव कुठे पळून जात नाही, हा त्यामागचा समज. कायद्याच्या दृष्टीने तो चुकीचा आहे आणि त्यापायी हातचा व्यवहार जाऊ शकतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

या विषयावर १८४० सालचा ‘हाइड विरुद्ध रेंच’ हा इंग्लंडमधील खटला आजही पायाभूत मानला जातो. रेंच यांनी आपली शेतजमीन एक हजार पौंडांना विकण्याची तयारी दाखवली. हाइड यांनी ९५० पौंड देऊ केले. रेंच यांनी त्याला नकार दिला, तेव्हा दोनच दिवसांनी हाइड यांनी हजार पौंड कबूल केले आणि पुढे खरेदीसाठी न्यायालयात धाव घेतली. करार झालेलाच नाही, असा निकाल लागला. कारण ९५० पौंड देऊ करताच त्यांनी मूळ प्रस्ताव फेटाळला होता, आणि फेटाळलेला प्रस्ताव केवळ आपल्या मर्जीने पुन्हा जिवंत करता येत नाही. हजार पौंडांचे ते दुसरे पत्र हा हाइड यांचा नवा प्रस्ताव होता व तो स्वीकारण्याचे रेंच यांच्यावर कोणतेही बंधन नव्हते.

आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७ हेच सांगते की स्वीकृती संपूर्ण आणि बिनशर्त असली पाहिजे. गंमत अशी की, प्रस्ताव कशाकशाने संपुष्टात येतो ते सांगणाऱ्या कलम ६ मध्ये नकाराचा उल्लेखच नाही. तरीही प्रतिप्रस्तावाने मूळ प्रस्ताव संपतो, हे तत्त्व आपल्याकडेही मानले जाते.

मग काही विचारायचेच नाही का? तसे मुळीच नाही. १८८० च्या ‘स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन’ या लोखंडाच्या व्यवहारातील खटल्यात, माल दोन महिन्यांच्या मुदतीत देता येईल का, नसल्यास जास्तीत जास्त किती मुदत मिळेल, अशी तार खरेदीदाराने केली होती. न्यायालयाने ती निव्वळ विचारणा मानली आणि प्रस्ताव शाबूत ठरवला. म्हणजे सारा फरक शब्दयोजनेत आहे. ‘पगार वाढवून दिलात तरच रुजू होईन’ हा प्रतिप्रस्ताव झाला, ‘पगारवाढीस वाव आहे का, हे कळवावे, आपला प्रस्ताव माझ्या विचाराधीन आहे’ ही विचारणा झाली. नोकरीच्या पत्रांना उत्तर देणाऱ्या तरुणांनी दुसरी वाक्यरचना अंगवळणी पाडावी, असे मला आवर्जून वाटते.

गप्प बसणे हा सामान्यतः होकार ठरत नाही. ‘अमुक तारखेपर्यंत कळवले नाहीत तर मान्य समजू’ असे एकतर्फी लिहून समोरच्याला बांधून घेता येत नाही. नकार मात्र प्रस्ताव देणाऱ्यापर्यंत पोहोचल्यावरच परिणामकारक होतो. त्यामुळे नकाराचे पत्र टपालात असतानाच विचार बदलला आणि होकार त्याआधी पोहोचला, तर करार होऊ शकतो.

करार झाल्यानंतरचा नकार ही निराळी बाब आहे. कलम ३८ नुसार एका पक्षाने ठरल्याप्रमाणे, योग्य वेळी व योग्य स्थळी, बिनशर्त पूर्तता देऊ केली आणि दुसऱ्याने ती स्वीकारली नाही, तर देऊ करणारा पूर्तता न झाल्याबद्दल जबाबदार राहत नाही आणि करारातील त्याचे हक्कही अबाधित राहतात. ठरलेला माल दारातून परत पाठवणाऱ्याने, समोरच्याने करार मोडला अशी ओरड करण्यापूर्वी हे कलम वाचावे.

आपला,
एक वाचक